शंका-समाधान : अण्वस्त्रापुढे कवच टिकते का?

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर झाले आणि त्यासाठी २०३५ ही मुदत सांगितली गेली. तेव्हापासून या सदराकडे क्षेपणास्त्रविरोधी कवचाबद्दल पत्रे येत आहेत. त्यातली सोलापूर शहर आणि जिल्ह्यातली काही पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे आटोपशीर केली आहेत, प्रश्नांचा गाभा तोच ठेवला आहे. उत्तरे दोघांनी मिळून लिहिली आहेत. एका ठिकाणी आमचे जमले नाही, ते तिथे नोंदवले आहे.

देशाने अण्वस्त्रांविरुद्ध कवच उभारावे की नाही? ‘एकीकडे असे, दुसरीकडे तसे’ नको. हो की नाही तेवढे सांगा.
*– एक वाचक, सात रस्ता*

हो. पण पातळ.

पातळ म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण सगळा वाद त्या शब्दापाशी आहे. शे-दोनशे वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरची अण्वस्त्रे) एकदम आली तर देशातले प्रत्येक शहर वाचेल असे कवच आजवर कोणालाही बांधता आलेले नाही. अमेरिकेकडे अलास्का आणि कॅलिफोर्निया मिळून लांब पल्ल्याचे ४४ इंटरसेप्टर, म्हणजे येणारे क्षेपणास्त्र वाटेतच पाडणारी क्षेपणास्त्रे, आहेत. येणाऱ्या प्रत्येक वॉरहेडवर चार सोडायचे ठरवले तर अकरा वॉरहेडनंतर भाता रिकामा होतो. रशियाशी लढायला ते ठेवलेलेच नाहीत, ते उत्तर कोरियासाठी आहेत.

भारतापुरते बोलायचे तर जानेवारी २००३ मध्ये जाहीर झालेले आपले धोरण ‘प्रथम वापर नाही’ असे आहे. म्हणजे पहिला घाव सोसूनच उत्तर द्यायचे. मग उत्तर देण्याचा हुकूम देणारे, तो पोचवणाऱ्या संदेशयंत्रणा आणि उत्तराची शस्त्रे हे तिन्ही पहिल्या घावातून उरले पाहिजेत. या मोजक्या ठिकाणांवर कवच हवे. दुसरे कारण चुकून सुटलेल्या एखाद्या क्षेपणास्त्राचे. ९ मार्च २०२२ रोजी आपल्याकडून चुकून सुटलेले ब्रह्मोस पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक नव्हते आणि कोणी दगावले नाही. तसेच उलट दिशेने झाले तर ‘येऊ दे, पडल्यावर बघू’ म्हणण्याखेरीज दुसरा पर्याय हाताशी असावा.

याच्या पलीकडे जाऊन ‘प्रत्येक शहराला छत्र’ म्हणणाऱ्याला क्षेत्रफळ विचारावे. एका तळाने १०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ राखले असे उदारपणे धरू. त्याचे क्षेत्रफळ ३१,४०० चौरस किलोमीटर. देशाचे सुमारे ३२ लाख ८७ हजार. नुसत्या भागाकारानेच १०५ तळ लागतात. वर्तुळे एकमेकांवर चढवल्याशिवाय मधल्या फटी बुजत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात सव्वाशेच्या वर. प्रत्येक तळाला रडार, नियंत्रण कक्ष, प्रक्षेपक, राखीव इंटरसेप्टर आणि चोवीस तास जागी माणसे. वातावरणात शिरल्यावर वेध घेणाऱ्या इंटरसेप्टरचे वर्तुळ तर याहून कितीतरी लहान असते.

कराचीच्या बाजूने सुटलेले क्षेपणास्त्र सोलापूरला किती वेळात येईल? तेवढ्यात कवच नेमके काय काय करते?
*– निवृत्त बँक कर्मचारी, विजापूर रोड*

कराची ते सोलापूर सरळ रेषेत सुमारे १,२०० किलोमीटर. एवढ्या पल्ल्याचे बॅलिस्टिक, म्हणजे इंजिन थांबल्यावर फेकलेल्या दगडासारखे वक्रावर जाणारे, क्षेपणास्त्र सेकंदाला साधारण ३.४ किलोमीटर वेगाने सोडावे लागते. ते ३०० किलोमीटरच्या आसपास उंची गाठते आणि आठ-नऊ मिनिटांत खाली येते. पाकिस्तानच्या शाहीन-२ आणि शाहीन-३ च्या टप्प्यात हे अंतर आहे. पुढचे आकडे आम्ही कागदावर साध्या गतीच्या सूत्रांनी काढले आहेत. प्रत्यक्षात काही सेकंद इकडेतिकडे होतील, चित्र बदलणार नाही.

पहिले मिनिट-दीड मिनिट इंजिन जळत असते. ज्वाला झगझगीत असते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे दूरच्या जमिनीवरल्या रडारला ती दिसत नाही. ८०० किलोमीटरवरच्या रडारला क्षेपणास्त्र ४०-५० किलोमीटरच्या वर आल्यावरच दिसते. तोवर ज्वाला पाहायची तर उपग्रहावरचा अवरक्त डोळाच हवा.

रडारला ठिपका दिसला की लगेच इंटरसेप्टर सुटत नाही. दहा-वीस सेकंद सलग मोजमापे घेतल्यावर संगणक मार्गाचा वक्र काढतो आणि तो कुठे पडेल याचे वर्तुळ आखतो. सुरुवातीला ते वर्तुळ जिल्ह्याएवढे मोठे असते. म्हणजे सोलापूर की कलबुर्गी हेही ठरत नाही. मोजमापे वाढतील तसे ते आवळत जाते. पडण्याची जागा राखायच्या टापूत येत नसेल तर इंटरसेप्टर खर्चायचा नाही, हा नियम संगणकात आधीच घातलेला असतो.

आता शेवटची दोन मिनिटे. भारताची रचना दोन थरांची आहे: वातावरणाबाहेर वेध घेणारा एक इंटरसेप्टर, आत वेध घेणारा दुसरा. नोव्हेंबर २००६ च्या पहिल्या चाचणीत बाहेरच्या थराने सुमारे ५० किलोमीटर उंचीवर लक्ष्य टिपले, डिसेंबर २००७ मध्ये आतल्या थराने सुमारे १५ किलोमीटरवर. पुढे एप्रिल २०१४ मध्ये बाहेरच्या थरासाठी नवा इंटरसेप्टर उडवला गेला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी एडी-१ या इंटरसेप्टरची पहिली चाचणी झाली. ही दुसऱ्या टप्प्यातली, अधिक वेगाने येणाऱ्या लक्ष्यांसाठीची.

समजा बाहेरच्या थराचा वेध १०० किलोमीटर उंचीवर घ्यायचा आहे. तिथून जमिनीपर्यंत यायला वॉरहेडला ४५ सेकंद लागतात. नेम चुकला तर आतल्या थराने ते २५ किलोमीटरवर गाठायचे. १०० वरून २५ वर यायला त्याला ३४ सेकंद, आणि आपल्या इंटरसेप्टरला खालून २५ किलोमीटर चढायला साधारण २०. पहिला नेम लागला की नाही ते पाहायला आणि दुसरा सोडायचे ठरवायला उरले १४ सेकंद. दिल्लीला फोन करण्याची ही वेळ नव्हे. युद्धाच्या काळात हा निर्णय यंत्रावर सोपवावा लागतो. माणसाने आधी फक्त ‘कवच चालू’ एवढे ठरवायचे.

आमच्या कारखान्यात शंभर टॉवेलमागे दोन-तीन सेकंड (सदोष) निघाले तरी माल निर्यात होतो. क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा ९० टक्के यशस्वी असेल तर ती वाईट कशी?
*– टेरी टॉवेल उत्पादक, अक्कलकोट रोड एमआयडीसी*

तुमचा सेकंड माल मंगळवार बाजारात स्वस्तात खपतो. इथला सेकंड शहरावर पडतो. फरक एवढाच, पण गणित त्यानेच फिरते.

एका इंटरसेप्टरचा नेम लागण्याची शक्यता ७० टक्के धरू. एका वॉरहेडवर दोन सोडले तर दोन्ही चुकण्याची शक्यता ०.३ × ०.३, म्हणजे ९ टक्के. थोडक्यात ९१ टक्के यश. तुमच्या ९० टक्क्यांच्या जवळपास. आता २० वॉरहेड आली. वीसच्या वीस अडण्याची शक्यता ०.९१ चा विसावा घात, म्हणजे अवघी १५ टक्के. पाचपैकी चारपेक्षा जास्त वेळा किमान एक तरी आत येणार. प्रत्येकी चार सोडले तर ८० इंटरसेप्टर खर्चून सगळी अडण्याची शक्यता ८५ टक्क्यांवर जाते. तरीही सहा-सात डावांत एकदा एक निसटतेच. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनचा होता, आणि तो एकच होता.

आणि हे गणितही फार दयाळू आहे. प्रत्येक इंटरसेप्टरचे चुकणे स्वतंत्र आहे असे ते धरते. तुमच्याकडे एखादा धागा तुटला तर एकच टॉवेल बिघडतो. पण ताण्याचा बीमच (उभे धागे गुंडाळलेला रूळ) चुकीचा भरला असेल तर त्यावरून निघणारा प्रत्येक टॉवेल त्याच जागी बिघडतो. इथे रडार हा बीम आहे. रडारने वॉरहेड समजून दुसऱ्याच वस्तूवर नजर बांधली तर चारही इंटरसेप्टर मोठ्या अचूकपणे त्या दुसऱ्या वस्तूलाच जाऊन भिडतील. अशा वेळी ०.३ चा चौथा घात कागदावरच राहतो.

चाचण्यांतले टक्के ऐकताना आणखी एक बघा. चाचणीत लक्ष्य कुठून सुटणार, साधारण केव्हा सुटणार आणि कोणत्या दिशेने येणार हे माहीत असते. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’त पाडलेला उपग्रह आपलाच होता आणि त्याची कक्षा दिवसेंदिवस मोजलेली होती. कामगिरी मोठीच, पण रात्री तीन वाजता न सांगता आलेल्या क्षेपणास्त्राशी तिची तुलना करू नये.

गोळीने गोळी टिपायची म्हणजे स्फोट करून की धडकून? आणि आकाशात अणुबॉम्ब फुटला तर?
*– बारावीचा विद्यार्थी, अशोक चौक*

दोन्ही पद्धती आहेत. जवळ जाऊन स्फोट करायचा आणि तुकड्यांचा मारा करायचा, किंवा सरळ धडकायचे. वातावरणाबाहेर धडक जास्त खात्रीची असते. १० किलो वजनाची वस्तू सेकंदाला ५ किलोमीटर सापेक्ष वेगाने आदळली तर तिची गतिज ऊर्जा काढ: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे साडेबारा कोटी ज्यूल. सुमारे ३० किलो टीएनटीइतकी. वेगळे स्फोटक न्यायची गरजच उरत नाही. अडचण नेमाची आहे. या वेगाने एका मिलिसेकंदात दोन्ही वस्तू ५ मीटरने जवळ येतात आणि वॉरहेडची लांबी जेमतेम एक-दोन मीटर. म्हणून शेवटच्या काही सेकंदांत जमिनीवरचे रडार पुरत नाही. इंटरसेप्टरच्या नाकातला शोधक स्वतः पाहतो आणि बाजूचे छोटे थ्रस्टर फटफट पेटवत स्वतःला सरकवतो.

बॉम्ब फुटण्याबद्दल: अण्वस्त्र ठिणगीने किंवा धक्क्याने फुटत नाही. त्यातली रासायनिक स्फोटके सगळ्या बाजूंनी अचूक एकाच क्षणी पेटावी लागतात, तरच आतला गोळा दाबला जाऊन साखळी सुरू होते. बाहेरून बसलेल्या धडकेने ती सममिती मोडते, त्यामुळे अणुस्फोट होत नाही. मात्र आतले प्लुटोनियम किंवा युरेनियम विखुरते. १५ किलोमीटर उंचीवर पाडले तर त्याचा काही भाग खाली येतो. किरणोत्सर्गी कचरा, पण शहर उभे. त्या दोघांत निवड करायची तर प्रश्नच नाही.

‘बनावट वॉरहेड’ सोडून कवच फसवता येते असे वाचले. एवढी महागडी रडार फुग्याला कशी फसतात?
*– पूर्व भागातील वाचक*

फुग्यालाच फसतात. गड्ड्याच्या जत्रेत मिळतो तो चमचमता फुगा आठवा. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. हातातून सुटला की तो वर जातो, दगड खाली पडतो, कारण मध्ये हवा आहे. १०० किलोमीटरच्या वर हवा नसल्यासारखीच. तिथे शेकडो किलोचे वॉरहेड आणि अर्ध्या किलोचा फुगा एकाच वेगाने, एकाच वक्रावर, शेजारी शेजारी चालतात. धातूचा मुलामा असल्यामुळे रडारचा प्रतिध्वनी दोघांचा सारखा. त्याहून वाईट म्हणजे खऱ्या वॉरहेडलाही फुग्यातच घालता येते. मग दहा फुग्यांपैकी भरलेला कोणता ते बाहेरून कळत नाही. उष्णतेवरून ओळखावे म्हटले तर रिकाम्या फुग्यात छोटा हीटर ठेवता येतो.

हा खेळ १०० किलोमीटरच्या खाली संपतो. हवा लागली की हलके फुगे मागे पडतात, फाटतात, आणि जड वॉरहेड सरळ पुढे येते. वातावरण फुकटात पाखडून देते म्हणा ना, सुपातल्या ज्वारीसारखे. पण पाखडून झाले तेव्हा हाताशी ३०-४० सेकंदच असतात. बाहेरच्या थराला वेळ जास्त आणि ओळख कमी, आतल्या थराला ओळख पक्की आणि वेळ कमी. दोन थर लागतात ते यासाठी.

कधी कधी तर फसवायचा हेतूसुद्धा नसतो. १९९१ च्या आखाती युद्धात इराकने स्कडचा पल्ला ओढूनताणून वाढवला होता. ती क्षेपणास्त्रे खाली येताना हवेत मोडत आणि तुकडे गिरक्या घेत पडत. खरे टोक कोणते ते अमेरिकेच्या पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला कळेना. खराब बांधणीच तिथे बनावट वॉरहेड ठरली.

केगावला इंजिनिअरिंग कॉलेजच्या गच्चीवर रडारचा मोठा गोळा पाहिला होता. त्यावर क्षेपणास्त्र दिसले असते का?
*– एक वाचक, बाळे*

नाही. ते कृत्रिम पावसाच्या, म्हणजे ढगांत बीज पेरण्याच्या अभ्यासासाठी आणलेले सी-बँड डॉपलर रडार. तरंगलांबी पाचेक सेंटिमीटर, शोध पावसाच्या थेंबांचा. त्याची थाळी यंत्राने फिरते. एक एक उंची घेत सगळे आकाश पाहायला तिला कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्यात कराचीहून निघालेले क्षेपणास्त्र येऊन पोचेल आणि पडद्यावर फार तर एखादा ठिपका उमटेल, जो सॉफ्टवेअर ‘कचरा’ म्हणून पुसून टाकेल.

क्षेपणास्त्राच्या रडारची थाळी फिरत नाही. तिच्यावर शेकडो-हजारो छोटे प्रक्षेपक असतात. त्यांच्या तरंगांची वेळ किंचित पुढेमागे केली की शलाका मिलिसेकंदात दुसरीकडे वळते, म्हणजे एकाच वेळी अनेक लक्ष्ये राखता येतात. भारताचे ‘स्वोर्डफिश’ या जातीचे आहे.

आयर्न डोम घेतला तर भागेल का? आणि एस-४०० आहेच ना?
*– मंगळवेढा*

इस्रायलचा आयर्न डोम ४ ते ७० किलोमीटरवरून येणाऱ्या रॉकेटांसाठी आहे. तिथे अण्वस्त्राचा संबंध नाही. रशियन एस-४०० मधले ‘४००’ हे विमानांसाठीचे अंतर. बॅलिस्टिक लक्ष्यावर त्याचा पल्ला ६० किलोमीटरच्या आसपास येतो. भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा पाच संचांचा करार केला. विमाने, ड्रोन, क्रूझ क्षेपणास्त्रे यांच्याविरुद्ध ते उत्तम. पाकिस्तानच्या बाबरसारखे क्रूझ क्षेपणास्त्र जमिनीलगत येते, त्याला अडवायला हीच जात लागते. वरून कोसळणाऱ्या वॉरहेडसाठी वर सांगितलेले दोन थर वेगळे लागतात.

सॉफ्टवेअर चुकल्यामुळे कवच निकामी झाल्याचे खरे उदाहरण आहे का? विद्यार्थ्यांना सांगायचे आहे.
*– संगणकशास्त्राच्या शिक्षिका, जुळे सोलापूर*

आहे, आणि फळ्यावर सोडवता येईल असे आहे. २५ फेब्रुवारी १९९१. सौदी अरेबियातल्या धहरान इथे इराकी स्कड अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ जण मेले. पेट्रियटचा तळ चालू होता. त्याने इंटरसेप्टर सोडलाच नाही.

यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दशांशात मोजत होते. मोजलेल्या दशांशांना ०.१ ने गुणून सेकंद काढायचे. दशमानात ०.१ सुटसुटीत, द्विमानात मात्र तो कधीच संपत नाही: ०.०००११००११००११ असा चालूच राहतो. २४ बिटांच्या जागेत तो कापावा लागला. त्यामुळे दर दशांशाला ०.०००००००९५ सेकंदाची तूट. हसण्यावारी न्यावी इतकी. पण तो तळ न थांबवता सुमारे १०० तास चालवला होता. १०० तासांत ३६ लाख दशांश. गुणाकार करा: ०.३४ सेकंद.

स्कडचा वेग सेकंदाला १,६०० मीटरच्या वर. ०.३४ सेकंदात ते अर्ध्या किलोमीटरहून जास्त सरकते. रडारने पहिल्यांदा ठिपका पाहिला, ‘पुढच्या क्षणी तो इथे असेल’ असा चौकोन आखला, चौकोनात पाहिले, तिथे काहीच नव्हते. खोटा ठिपका समजून यंत्राने तो सोडून दिला. क्षेपणास्त्र शेजारच्या आकाशातून निघून गेले.

मुलांना इथे थांबवून विचारा: उपाय काय होता? यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे. घड्याळ शून्यावर आले की तूटही शून्य. ‘फार वेळ सलग चालवू नका’ अशी सूचना चार दिवस आधी गेलीही होती, पण फार वेळ म्हणजे किती तास ते तीत लिहिलेले नव्हते. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोचले २६ फेब्रुवारीला.

कवच बांधले की शेजारी जास्त अण्वस्त्रे बनवतो म्हणतात. बचावाने कोणी चिडते का?
*– राज्यशास्त्राचे प्राध्यापक, बार्शी*

चिडते, आणि त्यामागे तर्क आहे. शेजाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. ‘भारताने आधी हल्ला करून आमची बरीचशी क्षेपणास्त्रे जमिनीवरच नष्ट केली, तर उरलेली चार-दोन कवच सहज अडवेल. म्हणजे आमच्या उत्तराची भीती संपली.’ पूर्ण हल्ल्यापुढे जे कवच फाटते तेच तुटपुंज्या प्रतिहल्ल्यापुढे भक्कम असते. आपण ‘प्रथम वापर नाही’ म्हणतो, पण शेजारी आपले जाहीरनामे पाहून शस्त्रे मोजत नाही, आपली क्षमता पाहून मोजतो.

अमेरिका आणि सोव्हिएत संघाने हे ओळखून मे १९७२ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा एबीएम करार केला: प्रत्येकी दोन ठिकाणी प्रत्येकी १०० इंटरसेप्टर, बस्स. १९७४ मध्ये दोनचे एक ठिकाण झाले. अमेरिकेने नॉर्थ डकोटात उभारलेला ‘सेफगार्ड’ तळ ऑक्टोबर १९७५ मध्ये पूर्ण सज्ज झाला आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये बंदही झाला. त्याचे इंटरसेप्टर स्वतःच अण्वस्त्रधारी होते. पहिला स्फोट झाला की तापलेल्या, विद्युतभारित हवेमुळे आपलेच रडार आंधळे, ही त्यातली मेख. जून २००२ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली.

आपल्याकडची साखळीही तशीच. पाकिस्तानने जानेवारी २०१७ मध्ये एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड नेणाऱ्या ‘अबाबील’ची चाचणी केली तेव्हा या भागात वाढत्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचे कारण स्वतःच दिले. मार्च २०२४ मध्ये आपण अग्नी-५ वर तेच तंत्र दाखवले. एका क्षेपणास्त्रावर तीन वॉरहेड बसवणे हे बारा नवे इंटरसेप्टर बसवण्यापेक्षा स्वस्त पडते. या शर्यतीत बचाव करणाऱ्याचा खिसा आधी रिकामा होतो.

इथेच आमचे दोघांचे जमले नाही. एकाचे म्हणणे, पातळ कवचानेही ही साखळी सुरू होते, म्हणून आधी पाकिस्तानशी इंटरसेप्टरच्या संख्येवर बोलणी करावी. दुसऱ्याचे म्हणणे, चीनचा विचार न करता फक्त पाकिस्तानशी संख्या बांधून घेणे परवडणार नाही. एका गोष्टीवर मात्र दुमत नाही: स्वस्तातले उपाय आधी. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा १९८८ चा करार आजही पाळला जातो, दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होते. बॅलिस्टिक चाचणीची आगाऊ सूचना देण्याचा करार २००५ चा. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात येत नाहीत. मियाँ चन्नूसारखा प्रसंग क्रूझचाच होता, तेव्हा ती आत घ्यायला एक इंटरसेप्टरसुद्धा खर्च होणार नाही.

कवच सरकार बघेल. आमचे जुने माळवदाचे दगडी घर आहे. त्याचा काही उपयोग? आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवू का?
*– गृहिणी, करमाळा तालुका*

दोन धोके वेगळे करा: स्फोटाचा धक्का आणि नंतर पडणारी किरणोत्सर्गी धूळ.

धक्क्याच्या वेळी माळवद वाईट. डोक्यावर कित्येक टन माती आणि मातीत रचलेले गोल दगड. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत याच बांधणीने माणसे गाडली. लख्ख प्रकाश दिसला तर तिकडे पाहू नका. ५ किलोमीटरवरच्या स्फोटाची लाट पोचायला १२-१४ सेकंद लागतात. तेवढ्यात खिडकीपासून दूर, पालथे झोपून डोके झाका. काच सगळ्यात जास्त जखमा करते, म्हणून प्रकाश पाहायला खिडकीपाशी धावू नका.

स्फोट दूर झाला असेल आणि घराला तडे गेले नसतील तर धुळीपासून तेच माळवद उत्तम. सुमारे ९ सेंटिमीटर मातीने गॅमा किरण निम्मे होतात, काँक्रीटला सुमारे ६ सेंटिमीटर लागतात. २७ सेंटिमीटर मातीच्या माळवदातून आठवा हिस्साच आत येतो. पाच इंची स्लॅबमधून चौथा हिस्सा येतो. पत्र्याच्या खोलीत काहीच अडत नाही. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतींपासून लांब बसा. धाब्यातला झरोका बंद करा, पावसासाठी ठेवलेला पत्रा त्यावर टाका आणि वर मातीच्या पिशव्या रचा.

किती वेळ आत राहायचे? काळ सातपट झाला की किरणोत्सर्ग दहावा हिस्सा उरतो. पहिल्या तासाला १०० असेल तर ७ तासांनी १०, दोन दिवसांनी १, दोन आठवड्यांनी एक दशांश. पहिला दिवस अजिबात बाहेर पडायचे नाही, जमले तर दोन. बाहेरून कोणी आले तर वरचे कपडे दाराबाहेरच काढून पिशवीत बांधा, केस धुवा. जनावरे गोठ्यात आणि वैरण झाकलेली. झाकलेल्या भांड्यातले पाणी चालते, उघड्या हौदातले नाही. माणशी रोज चार लिटर धरा. पाणी साठवायला सोलापूर जिल्ह्यात कोणाला शिकवायला नको.

आयोडीनची गोळी म्हणजे पोटॅशियम आयोडाइड. ती फक्त गळ्यातली थायरॉइड ग्रंथी वाचवते आणि तीही फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून. मात्रा प्रौढांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १८ वर्षांना ६५, एक महिना ते ३ वर्षे ३२, त्याहून लहान बाळाला १६. चाळिशीनंतर सहसा देत नाहीत. प्रशासनाने सांगितल्याशिवाय आपल्या मनाने घेऊ नये, थायरॉइडचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. आयोडीनयुक्त मिठाने हे काम होत नाही: घरच्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि १३० मिलिग्रॅमच्या गोळीत आयोडीन सुमारे १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका गोळीइतके मिळवायला साडेसहा किलो मीठ खावे लागेल.

मोबाइलवर कर्कश आवाजाचा इशारा आला, २०२३ मध्ये देशभर चाचणी म्हणून आला होता तसा, तर आधी आत जा आणि मग खरेखोटे तपासा. हवाईत १३ जानेवारी २०१८ ला क्षेपणास्त्राचा खोटा इशारा गेला आणि तो मागे घ्यायला ३८ मिनिटे लागली. तेवढा वेळ उगाच माळवदाखाली बसलात तर बिघडत नाही.